उधळणाऱ्या गाडीला वेसण

रिमोटची गाडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जत्रेतली प्लास्टिकची गाडी येते. दोन सेलवर चालणारी, भिंतीवर आपटणारी आणि शेवटी सोफ्याखाली अडकून बसणारी. आज मी जिच्याविषयी लिहितो आहे ती गाडी त्या जातीची नव्हे. तिला खरंखुरं इंजिन असतं. टू-स्ट्रोक, एका सिलिंडरचं, मुठीत मावेल एवढं. त्यात पेट्रोल नव्हे, तर मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण घालतात. म्हणून या गाड्यांना नायट्रो गाड्या म्हणतात. इंजिन मिनिटाला तीस हजारांच्या वर फेरे घेतं आणि त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाची बग्गी साधारण अर्धा मीटर लांब, तीन-साडेतीन किलो वजनाची असते आणि ताशी साठ किलोमीटरचा वेग सहज घेते.

अशा गाड्या आता आपल्या भागातही दिसू लागल्या आहेत. आदिलाबादहून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरला की एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला हैदराबाद. दोन्हीकडे शिकणारी आपली मुलं सुट्टीत घरी येताना कधी अशी जुनी गाडी विकत घेऊन येतात. अभियांत्रिकीच्या मुलांना तर तिचं फारच वेड. मुंबईच्या आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये 'फुल थ्रॉटल' नावाच्या स्पर्धेत विद्यार्थ्यांनी बांधलेल्या इंजिनाच्या रिमोट गाड्या धावल्या आहेत, आणि त्यांची छायाचित्रं पाहून इकडच्या मुलांचे हात शिवशिवतात. अलीकडे जगभर बॅटरीच्या गाड्यांनी नायट्रोला बरंच मागे टाकलं आहे. त्यामुळे जुन्या नायट्रो गाड्या स्वस्तात हाती येतात. मुलगा गाडी आणतो, पण तिच्यासोबतचं माहितीपुस्तक बहुधा पहिल्या मालकाच्या माळ्यावरच राहिलेलं असतं.

मी मराठी शिकवतो. एम.ए.च्या माणसाला कार्बुरेटरमध्ये काय कळतं, असं आमच्या घरातच विचारलं गेलं. पण गेल्या हिवाळ्यात जे घडलं त्यानंतर मला ते कळून घेणं भाग पडलं.

कॉलेजच्या मैदानावर स्नेहसंमेलनाची गर्दी होती. एका विद्यार्थ्याने आपली बग्गी दाखवायला आणली होती. पाच-सात मिनिटं ती छान फिरली. मग मैदानाच्या त्या टोकाला एका खळग्यावर उडाली, जमिनीवर आदळली, आणि तिथून पुढे रिमोटला जुमानेना. मुलगा ट्रिगर सोडून उभा, आणि गाडी मात्र तसाच आवाज करत लोकांच्या दिशेने येत होती. मराठीत "थांब, थांब", तेलुगूत "आगु, आगु" असा एकच कल्लोळ झाला. बिदरहून आलेल्या माझ्या सासूबाई "निल्लु, निल्लु" म्हणून ओरडत होत्या. गाडीला यातली एकही भाषा कळत नव्हती. ती एका आठ वर्षांच्या मुलाच्या नडगीवर जाऊन धडकली आणि पुढे क्रिकेटच्या रोलरला आपटून उलटी पडली. उलटी पडल्यावरही चाकं गरगरत होती. मुलाचं हाड मोडलं. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता.

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. बऱ्याच पालकांचं म्हणणं सरळ होतं, की ही गाडी आवारात पुन्हा दिसता कामा नये. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण बंदी घातली की तीच मुलं तीच गाडी मोंढ्यामागच्या रस्त्यावर पळवणार, हेही आम्हा शिक्षकांना ठाऊक होतं. शेवटी ठरलं असं, की नियमांचं एक पान तयार करायचं, आणि त्या पानावरच्या तपासण्या पूर्ण झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. पान लिहायचं काम भाषेच्या माणसाकडे आलं. त्यासाठी मी आमच्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे, गाडीच्या मालकाकडे आणि मोंढ्याजवळच्या एका जुन्या डिझेल मिस्त्रींकडे असे तिघांकडे बसलो. हा लेख म्हणजे त्या बैठकांचं फलित.

सहकाऱ्यांनी आधी फळ्यावर एक गणित मांडलं. साडेतीन किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने आली तर तिच्यातली ऊर्जा सुमारे ४८५ ज्यूल. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४० किलोमीटरने आला तर सुमारे १२० ज्यूल. म्हणजे वेगवान गोलंदाजाचे चार चेंडू एकदम, आणि तेही पॅड न बांधलेल्या पायावर. शिवाय या वेगाने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. 'अरे, ती येतेय' असं म्हणेपर्यंत ती आलेली असते.

आता गाडी उधळते का, ते पाहू. उधळते हाच शब्द योग्य वाटतो, कारण पोळ्याच्या गावात वाढलेल्या माणसाला उधळलेला बैल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गाडीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. इंजिन आपल्या इंधनावर चालतं, त्याला विजेची गरज नसते. रिमोटचा हुकूम घेणारा रिसीव्हर आणि कार्बुरेटरची दांडी ओढणारी सर्व्हो नावाची छोटी मोटर मात्र चार पेन्सिल सेलच्या वेगळ्या पेटीवर चालतात. रिमोटच्या गाडीची बॅटरी संपली तर ती आपोआप थांबेल, असं आपण धरून चालतो. बॅटरीच्या साध्या खेळण्यात ते खरं आहे. इथे नेमकं उलट. सेल संपले, निखळले की सर्व्हो असेल तिथे थिजतो. त्या क्षणी तुम्ही रेस दिलेली असेल तर कार्बुरेटर उघडाच राहतो, आणि इंजिन टाकीतला शेवटचा थेंब संपेपर्यंत धावत राहतं. आमच्या मैदानावर हेच झालं होतं. खळग्यावरून आदळताना सेलपेटीतला एक सेल स्प्रिंगमधून सुटला होता. बस, तेवढंच.

दुसरं कारण रेडिओचं. जुन्या गाड्यांचे रिमोट २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले, क्रिस्टलवर चालणारे असत. मैदानावर त्याच क्रिस्टलचा दुसरा रिमोट सुरू झाला की तुमच्या गाडीला दोन मालक. पुढे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आले. आपल्या देशात हा पट्टा २००५ साली परवान्यातून मुक्त झाला. त्यात रिमोट आणि रिसीव्हर यांची जोडी बांधली जाते, त्यामुळे दुसऱ्याचा हुकूम चालत नाही. पण गाडी फार लांब गेली, ॲन्टेनाची तार तुटली, किंवा रिमोटचेच सेल उतरले, तर हुकूम थांबतोच. हुकूम थांबल्यावर रिसीव्हरने काय करायचं, याची सोय म्हणजे फेलसेफ. चांगल्या रिसीव्हरमध्ये ती आतच असते. जुन्यासाठी बोटाएवढी वेगळी डबी मिळते. संदेश तुटला की फेलसेफ सर्व्होला सांगतो, रेस सोड आणि ब्रेक लाव. डब्यांपैकी काही सेल उतरू लागले तरी हेच करतात.

मात्र फेलसेफ आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, हे मला विशेष सांगायचं आहे. फेलसेफ हा रिसीव्हरचा मेंदू आहे, आणि मेंदूला रक्त हवं. सेल पूर्ण निखळला तर ब्रेक लावायला सर्व्होमध्ये जीवच उरत नाही. तिथे उपयोगी पडते ती चार आण्याची वस्तू, कार्बुरेटरची दांडी बंद बाजूला ओढून धरणारी स्प्रिंग. जोर इतका हवा, की निर्जीव सर्व्होलाही ती मागे ओढून नेईल. काही जाडजूड, धातूच्या गिअरचे सर्व्हो बधत नाहीत. त्यांना जास्त ताकदीची स्प्रिंग लागते. ती पुरेशी आहे की नाही हे विचारून कळत नाही, करून पाहावं लागतं.

म्हणून आमच्या पानावरच्या पहिल्या तिन्ही तपासण्या इंजिन बंद असताना करायच्या आहेत. गाडी विटेवर किंवा डब्यावर ठेवायची, चाकं अधांतरी. आधी रिमोट सुरू, मग गाडीतला स्विच. ट्रिगर अर्धा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने रिमोटचा स्विच बंद करायचा. दांडी लगेच ब्रेककडे गेली पाहिजे. तशीच राहिली तर फेलसेफ नाही किंवा चुकीचा बसवलेला आहे. पुष्कळ रिसीव्हरमध्ये जोडी बांधताना दांडी जिथे असेल ती जागा लक्षात ठेवली जाते, त्यामुळे जोडी बांधताना ट्रिगर ब्रेकवर ढकललेला हवा. दुसरी तपासणी: पुन्हा अर्धी रेस, आणि या वेळी गाडीतल्या सेलपेटीची पिनच उपसायची. स्प्रिंगने कार्बुरेटर बंद केला पाहिजे. तिसरी: एक मुलगा रिमोट घेऊन मैदानाच्या टोकाला जातो, दुसरा गाडीजवळ बसून सर्व्हो बरोबर हलतो का ते पाहतो. यातली एक जरी फसली, तर त्या दिवशी टाकीत इंधन पडत नाही. सेलपेटी तर आम्ही रबरबँड आणि टेप दोन्ही लावून बांधायला सांगितली आहे.

मिस्त्रींना हे सगळं सांगितलं तेव्हा ते हसले. शेतावरचं डिझेल इंजिन उधळताना त्यांनी आयुष्यात कितीदा तरी पाहिलं आहे. "सर, डिझल बंद करून काय होते? ते आपलंच आइल पेते. त्याले हवा नाही भेटली पायजे, बस," ते म्हणाले. ओलं पोतं हवेच्या तोंडावर दाबायचं, हा त्यांचा उपाय. आपल्या सीमाभागाचं या इंजिनांशी जुनं नातं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान थाटलं ते बेळगावात. तिथून १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले, आणि ऑइल इंजिनांचा कारखाना पुण्यात १९४६ साली उभा राहिला. त्या इंजिनांना वेग आवरणारा गव्हर्नर असतो. आपल्या छोट्या बग्गीला तो नाही. तिचा गव्हर्नर म्हणजे मुलाचं बोट, आणि बोट व कार्बुरेटर यांच्यामधली ती सगळी साखळी.

पण सगळा दोष रेडिओचाच असतो असं नाही. कधी हुकूम बरोबर पोचतो, कार्बुरेटर बंदही होतो, तरी इंजिनाचा आवाज उतरत नाही. गाडी हळूहळू पुढे सरकतच राहते. हा ट्यूनिंगचा भाग, आणि इथे मिस्त्रींचा हात सगळ्यात जास्त लागला.

कार्बुरेटरवर तीन स्क्रू असतात. मोठी सुई वेगात इंधन किती जावं ते ठरवते, छोटी सुई स्लोवर असताना, आणि तिसरा स्क्रू स्लोला हवेसाठी किती फट ठेवायची ते ठरवतो. ही फट साधारण एक मिलिमीटरची. सुई उजवीकडे फिरवली की इंधन कमी, मिश्रण लीन. डावीकडे फिरवली की इंधन जास्त, मिश्रण रिच. मुलांना लीन आवडतं, कारण त्याने गाडी जास्त पळते. पण या इंजिनाला वंगण मिळतं ते इंधनातल्या तेलातूनच. इंधन कमी केलं की वंगणही कमी होतं, इंजिन तापतं, आणि रेस सोडली तरी फेरे उतरायला वेळ लावतं. म्हणून नियम एकच: आधी रिच ठेवायचं आणि मग थोडंथोडं आवळत यायचं, उलट कधीच नाही. नवं इंजिन असेल तर पहिल्या पाच-सहा टाक्या रिचच आणि हलक्या हाताने.

आवळायचं किती? घड्याळातल्या मिनिटकाट्याच्या पाच मिनिटांएवढं. एवढं फिरवून एक-दोन फेऱ्या मारायच्या आणि ऐकायचं. माझ्या सासूबाई मैदानाच्या कडेला बसून नातवंडांना सारखं "निधान, निधान" म्हणत असतात. कानडीत निधान म्हणजे सावकाश आणि मराठीत निधान म्हणजे ठेवा, हे आपल्या दोन भाषांच्या घरांना सांगायला नको. ट्यूनिंगच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात.

गाडी वेगात असताना मागे धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. ती दिसेनाशी झाली की लगेच आणायची आणि सुई सोडायची. इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. तो तीन-चार सेकंदांत चुरचुरत उडाला तर ठीक, टाकताक्षणी नाचून उडाला तर इंजिन फार तापलंय, आणि तसाच बसून राहिला तर रिच आहे. स्लोच्या सुईसाठी गाडी उभी असताना कार्बुरेटरजवळची इंधनाची नळी चिमटीत दाबायची. आवाज किंचित वाढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडावं. दाबताच बंद पडलं तर लीन. पाच सेकंदांच्या वर चाललं तर रिच. सगळं नीट करूनही फेरे उतरत नसतील तर सुईला हात न लावता नळीला बारीक छिद्र आहे का, कार्बुरेटरच्या बुडाशी हवा शिरते का, ते पाहावं. टाकी रिकामी होत आली की मिश्रण आपोआप लीन होतं आणि इंजिन शेवटी किंचाळतं, म्हणून टाकी कोरडी होऊ द्यायची नाही.

आता आपल्या जिल्ह्याची खास गोष्ट. मे महिन्यात इथे पारा ४५ गाठतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो पाच-सहा अंशांवर उतरतो. थंड हवा दाट असते. सहकाऱ्यांच्या हिशेबाने ४५ अंशांच्या मानाने ६ अंशांच्या हवेत प्रत्येक श्वासाला सुमारे १४ टक्के जास्त हवा इंजिनात शिरते. इंधन तेवढंच राहिलं तर मिश्रण आपोआप लीन. वर्षभर कशाला, हिवाळ्यातल्या एकाच दिवशी पहाटेचे ६ आणि दुपारचे २८ यांत आठ टक्क्यांचा फरक पडतो. कालच्या दुपारी जुळवलेली गाडी आज सकाळी सात वाजता सुरू केली की ती 'आपोआप बिघडलेली' वाटते ती यामुळे. थंडीत सकाळी मोठी सुई थोडी डावीकडे सोडूनच सुरुवात करावी. हैदराबादेत किंवा मुंबईत राहणाऱ्या माणसाने सांगितलेले फेरे इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

एवढं करूनही उधळलीच तर? तिच्या वाटेत पाय घालायचा नाही आणि धावत्या गाडीवर झडप तर मुळीच नाही. रिमोटवाल्याने ब्रेक धरून ठेवायचा, जोरात "बाजूला व्हा" ओरडायचं, आणि गाडीचं सुकाणू अजून चालत असेल तर तिला मोकळ्या जागेत गोल फिरवायचं. गाडी अडली, उलटली, की मग तिला मागून, चाकांना हात न लागता चेसिसवर दाबून धरायचं आणि सायलेन्सरचं तोंड जाड, ओल्या फडक्याने बंद करायचं. मिस्त्रींचाच उपाय, फक्त दुसऱ्या टोकाने. नळी चिमटूनही इंजिन बंद पडतं, पण त्याआधी क्षणभर आवाज वाढतो, म्हणून घाबरून सोडायचं नाही. इंजिनाचं डोकं शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं, तेव्हा जाड हातमोजा हवाच. आमच्या मैदानावर आता गाडी चालवताना एका मुलाचं काम एवढंच असतं: हातमोजा घालून, ओलं फडकं घेऊन उभं राहायचं. सुरुवातीला याला कोणी तयार होत नसे. आता पाळ्या लागतात.

बघे सगळे एका बाजूला, चालवणाऱ्याच्या पाठीमागे, आणि मध्ये टायरांची रांग. दहा वर्षांखालच्या मुलांना रांगेच्या पुढे मज्जाव. रस्त्यावर, गल्लीत, गुरं चरतात त्या माळावर गाडी नाही. ज्या आईवडिलांना बंदी हवी होती त्यांतले काहीजण आता स्वतः टायर लावायला येतात. पाय मोडलेल्या मुलाचे वडील मात्र अजून येत नाहीत, आणि त्यांना आग्रह करणं मला योग्य वाटत नाही.

राहता राहिलं इंधन, आणि हे आयाबायांनी नीट वाचावं अशी विनंती. या इंधनाच्या तेलात पुष्कळदा एरंडेल असतं, त्यामुळे वास ओळखीचा वाटतो. त्या वासावर जाऊ नका. त्यातला मोठा भाग मिथेनॉल आहे. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली, त्या दारूत मिथेनॉलच होतं. पोटात थोडं गेलं तरी डोळे जाऊ शकतात, आणि ते कातडीतूनही शरीरात जातं. हाताला लागलं तर साबणाने धुवावं. कुणाच्या पोटात गेल्याचा संशय जरी आला तरी घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. दिवसाउजेडी मिथेनॉलची ज्योत जवळजवळ दिसत नाही. काही पेटलेलं दिसत नसताना हात पोळतो. म्हणून टाकी भरताना इंजिन बंद आणि पाण्याची बादली जवळ. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्याने ते विझतं. घरी मिश्रण बनवायचा उद्योग कोणी करू नये. तयार इंधनाचा डबाच घ्यावा, झाकण घट्ट ठेवावं, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मग कितीही सुया फिरवा, इंजिन जुळत नाही. सरबताच्या, पाण्याच्या बाटलीत ते कधीही ओतून ठेवू नये.

खेळ संपला की आधी इंजिन बंद, मग गाडीतला स्विच, आणि रिमोट सगळ्यात शेवटी. टाकी रिकामी करून, ग्लो प्लगच्या भोकातून तेलाचे दोन-चार थेंब आत सोडून इंजिन हाताने दोनदा फिरवायचं, आणि सेलपेटीतून चारही सेल काढून ठेवायचे.